विश्लेषण : इंटरनेटचा ‘मुनीम’ कोण होता? त्याच्या नावाच्या पुरस्कारासाठी आपण कोणाचे नाव सुचवणार?

इतवारीत आज पाव किलो मिरचीचे पैसेही फोनवरून चुकते होतात. भंडारा-गोंदियाच्या किरकोळ दुकानदाराची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि माल गाडीत चढण्याआधी ई-वे बिल संगणकावर तयार होते. दहा मिनिटे नेट गेले तरी किराणा ओळीपासून सराफा ओळीपर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे का हो?’ ही विचारणा सुरू होते. ज्यांनी हे जाळे विणले, ते तुटू नये म्हणून वर्षानुवर्षे राबले, त्यांची नावे मात्र बाजारातच काय, संगणकशास्त्राच्या वर्गातही फारशी घेतली जात नाहीत. अशाच पडद्यामागच्या लोकांसाठी एक आंतरराष्ट्रीय सन्मान आहे : जोनाथन बी. पोस्टेल सेवा पुरस्कार. तो नामांकनातून मिळतो. काम पाहिलेल्या माणसाने कागद लिहावा लागतो. हा पुरस्कार काय आहे, तो कोणाला मिळाला आणि महाराष्ट्राने, विशेषतः विदर्भाने, त्याकडे का पाहावे, याचा हा आढावा.

हा पुरस्कार नेमका कोणता?

इंटरनेटचा विकास आणि वापर सर्वांसाठी खुला राहावा म्हणून काम करणारी ‘इंटरनेट सोसायटी’ ही ना-नफा संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. इंटरनेटच्या मूळ आराखड्याचे जनक मानले जाणारे व्हिंट सर्फ आणि बॉब कान हे तिच्या संस्थापकांपैकी होत. या संस्थेने १९९९ मध्ये पोस्टेल यांच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार मरणोत्तर खुद्द पोस्टेल यांनाच देण्यात आला. स्फटिकाचा कोरीव पृथ्वीगोल आणि २० हजार डॉलर, म्हणजे साधारण सतरा-अठरा लाख रुपये, असे त्याचे स्वरूप राहिले आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत तो बहुधा दिला जातो.

निकष तीन आहेत : दीर्घकाळ केलेले भरीव तांत्रिक काम, समुदायाची सेवा आणि नेतृत्व. निवड समितीत पूर्वीचे मानकरी असतात. स्वतः काम करतानाच ज्यांनी इतरांना उभे केले, शिकवले, पुढे आणले, अशा उमेदवारांना समिती विशेष महत्त्व देते. पुरस्काराच्या नावात ‘सेवा’ हा शब्द का आहे, याचे उत्तर या अपेक्षेत आहे.

जॉन पोस्टेल कोण होते?

इतवारीच्या जुन्या पेढ्यांवर मुनीम असत. पेढी त्यांच्या मालकीची नसे, फलकावर त्यांचे नाव नसे. पण कीर्द-खतावणीतला एक आकडा चुकला तर पेढीची पत जाई. जोनाथन पोस्टेल हे इंटरनेटचे तसे मुनीम होते.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकत असताना, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, ‘अर्पानेट’ या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून पहिला संदेश त्याच विद्यापीठातून निघाला. पुढे त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९७७ पासून अखेरपर्यंत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम केले. लांब दाढी आणि पायात सँडल असा त्यांचा अवतार असे.

त्यांचे पहिले मोठे काम संपादकाचे. जाळे कसे चालावे याच्या सूचना १९६९ पासून क्रमांकित टिपणांच्या रूपात लिहिल्या जाऊ लागल्या. पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. या टिपणांना दिलेले नाव मोठे नम्र होते : ‘अभिप्रायासाठी विनंती’. आम्ही असे सुचवतो, तुम्हाला काय वाटते ते कळवा, हा त्याचा सूर. या टिपणांचे संपादन, त्यांना क्रमांक देणे, ती जपणे आणि सर्वांना खुली ठेवणे हे काम पोस्टेल यांनी जवळपास तीन दशके केले. इंटरनेटचा मूळ करार आणि ई-मेल पाठवण्याची पद्धत यांची १९८१-८२ मधील टिपणे त्यांच्याच हातची आहेत.

दुसरे काम क्रमांकांच्या नोंदीचे. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक, कोणत्या जाळ्याला कोणता पत्ता, हे एका ठिकाणी नोंदले गेले नाही तर दोघांना एकच क्रमांक जाईल आणि गोंधळ उडेल. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवले, की हे क्रमांक वाटण्यासाठी एकच माणूस नेमावा. तो माणूस मी असू का, असेही त्यांनी त्यातच विचारून टाकले. ती जबाबदारी त्यांनी मरेपर्यंत सांभाळली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीत, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दुकानातल्या व्यवहाराशी याचा काय संबंध?

ग्राहक दुकानातला कोड स्कॅन करतो, तेव्हा त्याच्या फोनमधील ॲपला आधी कंपनीचा संगणक शोधावा लागतो. फोनला त्या संगणकाचे नाव ठाऊक असते, पत्ता नसतो. नावावरून अंकी पत्ता सांगणारी जी व्यवस्था आहे, ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये पोस्टेल यांच्याच संस्थेत मांडली. हे काम त्यांच्याकडे पोस्टेल यांनीच सोपवले होते. पत्ता मिळाला की फोन त्या संगणकाच्या ठरावीक ‘खिडकी’वर ठकठक करतो. तहसील कार्यालयात दाखल्याची खिडकी वेगळी आणि चलनाची वेगळी असते, तसेच हे. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ क्रमांकाची खिडकी, साध्या संकेतस्थळांसाठी ८०, ई-मेलच्या देवाणघेवाणीसाठी २५. या क्रमांकांची नोंदवही पोस्टेल यांनी सुरू केलेल्या व्यवस्थेतून आली.

पुढे बँकांमधला टप्पा त्यांच्या स्वतंत्र जाळ्यावर पार पडतो. पण फोनपासून ॲपपर्यंतचा रस्ता खुल्या इंटरनेटचाच. यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत जाहीर झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील तिच्या व्यवहारांची संख्या २ हजार कोटींवर गेली. एवढी वर्दळ ज्या रस्त्यावरून जाते, त्याचे मैलाचे दगड कोणीतरी आधी रोवले होते.

हा रस्ता परस्पर विश्वासावर चालतो, हेही विसरता येत नाही. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी जगभरातील नावांच्या मुख्य यादीची प्रत ठेवणाऱ्या बारा यंत्रणांपैकी आठ यंत्रणांच्या चालकांना एक ई-मेल पाठवला : यापुढे मूळ यादी अमेरिकी सरकारशी करार असलेल्या कंपनीच्या संगणकावरून न घेता आमच्या संगणकावरून घ्या. आठही जणांनी ऐकले. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली आणि त्यांना हा ‘प्रयोग’ मागे घ्यावा लागला. काहींना तो अधिकाराचा अतिरेक वाटला, काहींना सरकारी वर्चस्वाला दिलेला इशारा. पण कुठलाही हुद्दा न दाखवता एका माणसाच्या शब्दावर आठ चालकांनी आपली यंत्रणा वळवली, हे खरे. बाजाराच्या भाषेत याला पत म्हणतात. त्याच वर्षी, सप्टेंबरअखेर, हे काम एका माणसावर सोडू नये म्हणून ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांत पोस्टेल गेले.

आजवरचे मानकरी कोण?

यादी पाहिली तर या पुरस्काराचा पिंड लक्षात येतो. त्यात जपानमध्ये इंटरनेट रुजवणारे जुन मुराई आहेत (२००५), आफ्रिकेतील जाळ्याची पायाभरणी करणारे घानाचे नी क्वेनॉर आहेत (२००७), दक्षिण कोरियाचे किलनाम चोन आहेत (२०११). २००८ मध्ये तो व्हेनेझुएलातील ‘एसलारेड’ या प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला मिळाला. म्हणजे व्यक्तीसोबत संस्थेचाही विचार होतो.

आपल्या शेजारचे उदाहरण नेपाळचे. महावीर पुन हे म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या डोंगराळ गावचे शिक्षक. टेलिफोनची तार तिथे पोहोचलेली नव्हती. १९९० च्या दशकाअखेर शाळेला जुने संगणक देणगीत मिळाले. ते लहान जलविद्युत संचावर चालवले गेले. पुढे स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांनी घरगुती वापराची वायफाय उपकरणे, झाडांवर बांधलेले अँटेना आणि डोंगरमाथ्यावरची पुनर्प्रक्षेपण ठाणी यांतून पोखरा शहरापर्यंत बिनतारी दुवा जोडला आणि एकेक करत गावे जोडत नेली. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे आणि २०१४ मध्ये पोस्टेल पुरस्कार मिळाला.

थायलंडच्या कांचना कांचनसुत (२०१६) यांनी १९८८ मध्ये आपल्या देशाला ई-मेलने जगाशी जोडले. २००४ च्या त्सुनामीनंतर, मनोरे कोसळले तरी बचाव पथकांना आपसात बोलता यावे असे फिरते जाळे त्यांच्या चमूने तयार केले. इंडोनेशियाचे ओनो पुर्बो (२०२०) यांनी मोहल्ल्यातील अनेक घरांनी मिळून एकच जोडणी वाटून घेण्याची पद्धत लोकांना शिकवली. दूरचा वायफाय संकेत पकडण्यासाठी स्वयंपाकघरातील कढई वापरून केलेल्या अँटेनाचाही त्यांनी जोरदार प्रचार केला.

म्हणजे नवा शोध लावलाच पाहिजे असे नाही?

नाही. २०१३ च्या मानकरी एलिझाबेथ फाइनलर यांची कहाणी यासाठी महत्त्वाची. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या. १९७२ पासून त्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील जाळ्याच्या माहिती केंद्राचे काम पाहत. आजच्या शब्दांत सांगायचे तर तो चौकशी कक्ष होता. नवा संगणक जाळ्यात आला की त्याचे नाव आणि पत्ता या केंद्राच्या यादीत चढे आणि इतर सारे ती यादी उतरवून घेत. पुढे यादी फुगली आणि नावांची नवी व्यवस्था आली, तेव्हा डॉट कॉम, डॉट ओआरजी यांसारख्या वर्गांची नावे निश्चित करण्यात त्यांच्या गटाचा हात होता.

फोन उचलणे, यादी अद्ययावत ठेवणे, निर्देशिका छापणे या कामांवर संशोधनप्रबंध होत नाहीत. तरीही इंटरनेट सोसायटीने त्याला ‘तांत्रिक सेवा’ मानले. कोणत्याही पायाभूत सुविधेत उद्घाटनाचा दिवस एकच असतो. त्यानंतरचे सारे दिवस देखभालीचे. पोस्टेल पुरस्काराची नजर या उरलेल्या दिवसांवर आहे.

महाराष्ट्राचा यात काय वाटा?

भारतीय इंटरनेटच्या इतिहासातील एक महत्त्वाचा पत्ता मुंबईत, जुहूला आहे : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले डॉ. श्रीनिवासन रमणी हे तिचे संस्थापक संचालक. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि खुद्द विभाग असे आठ भागीदार होते. त्याच सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहण्याचे ते दिवस होते. मग परदेशी जाळ्यांशी दुवा जुळला आणि देशातील संशोधकांची पत्रे जुहूमार्गे जगात जाऊ लागली.

पोस्टेल यांच्याशी थेट दुवाही इथेच सापडतो. देशांची दोन अक्षरी नावे कोणी सांभाळायची, हे ठरवण्याची जबाबदारी पोस्टेल यांच्या नोंदवहीकडे होती. कोणाला देश म्हणावे या वादात न पडता त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक यादीच प्रमाण मानली. नाव सांभाळणारी संस्था त्या नावाची मालक नाही, समाजाची विश्वस्त आहे, हे तत्त्व त्यांनी १९९४ मधील टिपणात स्पष्ट केले. ८ मे १९८९ रोजी भारताचे ‘डॉट इन’ हे नाव नोंदले गेले. त्याचा सांभाळ एनसीएसटीकडे आला आणि तो २००५ च्या सुरुवातीस ‘निक्सी’कडे जाईपर्यंत तिथे राहिला. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या सेवेतून. आधी चार महानगरांत. रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट सोसायटीच्या ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. हा सन्मान पोस्टेल पुरस्कारापेक्षा वेगळा, पण त्याच संस्थेने सुरू केलेला. अर्नेट मात्र एका माणसाचे काम नव्हते. मोडेम जुळवणारे, रात्री लाइन तुटली की पुन्हा फोन लावणारे, प्रत्येक संस्थेत पहिल्यांदा ई-मेल शिकवणारे अभियंते आणि तंत्रज्ञ कितीतरी होते.

आणि मराठीचे काय?

इंटरनेटचे मूळ नियम लिहिले गेले तेव्हा नावांमध्ये फक्त रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ चालत असे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नाव २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. ते मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्यासह आठ भाषांसाठी आहे. त्यामागच्या धोरणाच्या आखणीत पुण्याच्या सी-डॅकमधील भारतीय भाषा गटाने काम केले.

हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात लग्नाचा स्वयंपाकी. फरक फक्त ‘र’च्या रूपाचा : एकात रफार, दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा ‘र’. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज पडत नाही, मराठीला रोज पडते. संगणकाच्या वर्णसंकेतात या ‘र’साठी वेगळी सोय झाली आहे, म्हणूनच आज आपण ‘दुसऱ्या’ आणि ‘कऱ्हाड’ नीट लिहू शकतो. संकेतस्थळाच्या नावात तो चालावा की नाही, दोन सारखी दिसणारी नावे वापरून कोणी फसवेल का, याचेही नियम कोणीतरी बसून लिहिलेले आहेत. भाषा जाणणारा आणि तांत्रिक समित्यांमध्ये चिकाटीने बसणारा माणूस असल्याशिवाय हे होत नाही.

याच सी-डॅकचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे आणि अभियांत्रिकी शिकले ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. संस्था १९८८ मध्ये उभी राहिली आणि ‘परम’ महासंगणक १९९१ मध्ये आला. महासंगणक हा इंटरनेटपेक्षा वेगळा विषय आहे. पण भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या गटाला याच संस्थेत घर मिळाले. त्या गटातील कितीजणांची नावे आपल्याला सांगता येतील?

अशी नावे पुढे का येत नाहीत?

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. जाळे नीट चालत असेल तर ते चालवणारा दिसत नाही. तो दिसतो फक्त बंद पडल्यावर, आणि तेव्हा त्याच्या वाट्याला बोलणीच येतात.

दुसरे कारण नोंदीचे. आपल्याकडे सत्कारात शाल, श्रीफळ आणि भाषण असते. काम लिहून ठेवले जात नाही. कोणत्या वर्षी कोणते केंद्र सुरू झाले, किती जणांना शिकवले, कोणती अडचण कशी सोडवली, हे निवृत्त सहकाऱ्यांच्या आठवणीत राहते आणि त्यांच्याबरोबरच जाते. १९८६ मध्ये तिशीत असलेला अभियंता आज सत्तरीत आहे.

तिसरे कारण सवयीचे. ‘योग्य माणसाला सन्मान आपोआप मिळेल’ ही समजूत. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, ही सोय सुरू झाल्याला आता बरीच वर्षे झाली. अपरिचित कार्यकर्त्यांची नावे त्या यादीत दिसू लागली, त्यात या शिफारशींचा वाटा आहे. पोस्टेल पुरस्कारातही तेच सूत्र आहे. समितीला नांगी गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणीतरी ते कागदावर आणावे लागते.

भाषेचा अडसरही खरा आहे. अर्ज इंग्रजीत, समिती परदेशी, आणि काम मात्र वस्तीपातळीवरचे. पण यादीतील नेपाळ, थायलंड, इंडोनेशिया आणि व्हेनेझुएला ही नावे पाहता हा अडसर ओलांडता येण्यासारखा आहे.

विदर्भात नावे शोधायची तर कुठे?

महाविद्यालयांच्या संगणक केंद्रांत. विद्यापीठाच्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जाळ्याचा पहिला आराखडा कोणी केला, विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल कोणी पाठवून दाखवला, हे तिथले जुने कर्मचारी सांगू शकतील. नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेट सेवा खासगी क्षेत्राला खुली झाली. त्यानंतर इतवारी-महालासारख्या दाट वस्तीत छतावरून छतावर तारा नेत घरोघरी जोडण्या देणाऱ्यांतही काही जण असे असतील, ज्यांनी धंदा करता करता दहा मुलांना हे तंत्र शिकवले.

मेळघाट आणि गडचिरोलीकडेही पाहायला हवे. मेळघाटातील हरिसालचे नाव ‘डिजिटल गाव’ म्हणून राज्यभर गाजले. अशा गावांत घोषणा आणि उद्घाटनानंतर वीज गेली, केबल तुटली, उपकरण जळले, तर ते कोण दुरुस्त करते? आश्रमशाळेतला एखादा शिक्षक, आरोग्य केंद्रातला एखादा कर्मचारी दहा-दहा वर्षे हे काम करत असेल, तर तो नांगीच्या शिक्षकाच्याच वाटेवर आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्याची तांत्रिक बाजू सांभाळणारे, मराठी टंक आणि कळफलक मोफत उपलब्ध करून देणारे स्वयंसेवक हेही याच यादीत बसतात.

इथे एक भेद मात्र पाळावा लागेल. यशस्वी ॲप काढणारा उद्योजक, मोठ्या कंपनीचा अधिकारी किंवा समाजमाध्यमावरचा लोकप्रिय चेहरा यांच्यासाठी इतर पुष्कळ पुरस्कार आहेत. इथे प्रश्न वेगळा : या माणसाने जे उभे केले ते सर्वांना खुले आहे का, आणि तो उद्या नसला तरी चालेल अशी माणसे त्याने तयार केली का?

नामांकन लिहिताना काय लक्षात ठेवावे?

आवाहन, अर्ज आणि मुदत यांची माहिती इंटरनेट सोसायटीच्या संकेतस्थळावर पाहावी. ऐकीव तारखांवर विसंबू नये. अर्जाची तयारी मात्र आवाहनाची वाट न पाहता करता येते.

पहिली गोष्ट, कालक्रम. कोणत्या वर्षी काय झाले, याची एक पानी यादी करावी. ‘गेली अनेक वर्षे’ असे लिहू नये, साल लिहावे.

दुसरी, आधी आणि नंतर. हे काम होण्यापूर्वी परिस्थिती काय होती आणि नंतर काय बदलले, हे मोजता येईल असे सांगावे. किती गावे, किती शाळा, किती प्रशिक्षित तंत्रज्ञ.

तिसरी, वाटा. काम बहुधा अनेकांचे असते. त्यात या व्यक्तीने नेमके काय केले, हे प्रामाणिकपणे वेगळे काढावे. सगळे श्रेय एकाला दिले की वाचणाऱ्याला शंका येते.

चौथी, साक्षी. ज्यांना तिने शिकवले, त्यांच्यापैकी दोघा-तिघांची पत्रे मिळवावीत. इतरांना उभे करणे हाच या पुरस्काराचा गाभा असल्याने बड्या पाहुण्याच्या शिफारशीपेक्षा शिष्याच्या पत्रात अधिक माहिती असते.

पाचवी, विशेषणे कमी. ‘महान’, ‘ऋषितुल्य’, ‘अष्टपैलू’ हे शब्द मानपत्रात शोभतात. अर्जात घटना सांगावी.

आणि ज्यांचे नाव सुचवायचे, त्यांना विचारावे. अशी माणसे बहुधा ‘माझे कसले हो काम’ म्हणतात. तेव्हा वाद न घालता त्यांच्याकडच्या जुन्या वह्या मागाव्यात.

पुरस्कार मिळाला नाही तर?

तरी अर्जासाठी जमवलेले कागद वाया जात नाहीत. फाइनलर यांनी १९८९ मध्ये आपले केंद्र सोडले आणि पोस्टेल पुरस्कार त्यांना २०१३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी मिळाला. मधल्या काळात त्यांनी त्या केंद्राचे कागद जपले. जुन्या निर्देशिका, पत्रव्यवहार, टिपणे असे सुमारे साडेतीनशे खोके त्यांनी कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाला दिले. इंटरनेटच्या आरंभकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना आज ते कागद उपयोगी पडतात.

आपल्याकडे असे खोके माळ्यावर असतील : मोडेमची पावती, सायबर कॅफेची नोंदवही, अर्नेटच्या पहिल्या बैठकीचे टिपण, हस्ताक्षरात काढलेला महाविद्यालयाच्या जाळ्याचा नकाशा. दिवाळीच्या सफाईत ते रद्दीत जातात. या वर्षी ते रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावेत, त्यात कोणाचे हस्ताक्षर आहे ते ओळखावे आणि तो माणूस हयात असेल तर त्याला फोन करून साल विचारून घ्यावे. नामांकनाचा पहिला परिच्छेद त्या फोनवरच मिळेल.